जगतापकाकांचे तीन दात

दात काढताना सुई नेमकी कुठे टोचणार, हे तुम्ही डॉक्टरांना कधी विचारलंय? नसेल, तर अन्नपूर्णा मंदिराजवळच्या आमच्या पोह्यांच्या ठेल्यावर सकाळी येऊ नका. जगतापकाका तुम्हाला सोडणार नाहीत.

काका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त झाले, पण प्रयोगवही सुटली नाही. पायरियाने त्यांचे खालचे समोरचे चारही दात हलू लागले. डॉक्टर म्हणाले, एकाच वेळी काढून टाकू. काका म्हणाले, "नाही जी. एकेक काढू. आणि प्रत्येक वेळी सुई वेगळ्या जागी."

तीन महिने, तीन डॉक्टर, तीन दात. पहिल्या वेळी सुई जबड्याच्या पार मागे. अर्धा ओठ, अर्धी जीभ गायब, आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तो दात मात्र जागाच. पुन्हा टोचावं लागलं. दुसऱ्या वेळी दाताच्या मुळाशीच, आधी ओठाच्या बाजूने, मग जिभेच्या. तिसऱ्या वेळी दात आणि हिरडी यांच्या फटीत. ओठ शाबूत राहिला, पण औषध आत शिरताना "कानापर्यंत स्क्रू पिळला, भिया." इकडे भाऊला भिया म्हणतात.

बधिरपणा कधी उतरतो हे मोजायला काका दर पंधरा मिनिटांनी आरशासमोर उभे राहून "पपई, बटाटा, भोपळा" म्हणत. भोपळा स्वच्छ उमटला की घड्याळ बघून वहीत नोंद.

"आणि चौथा दात?" मी विचारलं.

"तो तुलनेसाठी ठेवलाय. त्याला काहीच केलेलं नाही."

मी आईवडिलांसोबत रुग्णहक्कांची पत्रकं वाटत मोठा झालो. रुग्णाने प्रश्न विचारलाच पाहिजे, हे मला घरातच शिकवलेलं. तरी एकदा भडकलोच. "काका, इथे डॉक्टर लोकांशी दोन मिनिटं धड बोलत नाहीत, आणि तुम्ही शौक म्हणून सुया टोचून घेता?"

"शौक काहेका," काका पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याची डबी बंद करत म्हणाले. "कुसुमसाठी करतोय."

कुसुमआत्या ही त्यांची धाकटी बहीण, कृष्णपुऱ्याकडे राहते. तिचाही खालचा समोरचा दात हलत होता, हिरडीत पू झालेला, दोनदा ताप येऊन गेलेला. पण दवाखान्याचं नाव काढलं की ती आतून कडी लावायची. डॉक्टर बजावत होते, आता थांबणं बरं नाही. सगळ्यांत कमी दुखणारी सुई कुठली, हे काकांना तिला स्वतः भोगून सांगायचं होतं.

दुसरी पद्धत पास झाली. काकांनी बंद दारासमोर स्टूल टाकून अख्खी वही वाचली. भोपळ्याशी आल्यावर आतून हसू ऐकू आलं. मग कडी निघाली.

रविवारी मीही सोबत गेलो. काका डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "मॅडम, मुळाशी, दोन्हीकडून. और दवा एकदम धीरे."

"मी तेच करणार होते, काका," त्या शांतपणे म्हणाल्या. "आत्या थरथरतायत. तुम्ही जरा त्यांचे हात धरा."

काका दोन पावलं मागे सरकले. हात पाठीमागे. "मी नाही धरणार."

डॉक्टरीणबाई चकित. तेव्हा खुर्चीतून आत्या बोलली. "लहानपणी यानेच धरले होते. मी सात वर्षांची, हा दहाचा. सुई-बिई काही नव्हती, नुसता चिमटा. बाबा म्हणाले हात धर, याने धरले. मी सोड सोड म्हणत होते."

काका आणखी एक पाऊल मागे सरकले.

"दादा, इकडे ये," आत्या म्हणाली. "तू धरू नकोस. नुसता हात ठेव. मी धरते."

काकांनी हात ठेवला. सुई गेली, औषध उतरलं, थोड्या वेळाने दात निघाला. आत्याने डोळे उघडून विचारलं, "सुरू कधी करणार?" काकांचे डोळे अजून घट्ट मिटलेलेच.

तोंडात कापसाचा बोळा दाबून आत्या भावाकडे वळली आणि मुद्दाम म्हणाली, "फोफळा."

काकांनी खिशातून वही काढली, उघडली, नि माझ्याकडे दिली. "निरीक्षण तुम्ही लिहा, भिया. मला जरा दिसत नाहीये."

तर एक काम करा. घरातलं कोणी दाताच्या खुर्चीत बसणार असेल, तर सोबत जा. सुई कुठे टोचणार, हे डॉक्टरांना विचारा. आणि त्या माणसाचे हात दाबून धरू नका. आपला हात नुसता जवळ ठेवा.