स्थानिक उमेदवारास प्राधान्य

हिशेबनिसाच्या बायकोला दुसऱ्या शहरातल्या एका शाळेत मुख्याध्यापिकेची जागा चालून आली. होकार कळवायला शाळेने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. घरात यावर रीतसर चर्चा होऊन असं ठरलं की आधी हिशेबनिसाने त्या शहरात नोकरी मिळवावी, मग बायकोने होकार कळवावा आणि मग सामान बांधावं. नोकरी मिळाली नाही तर बायको जागा सोडून देणार होती. वर्षानुवर्षं दुसऱ्या मुख्याध्यापकांना सांभाळून घेतल्यावर आलेली जागा होती ती, त्यामुळे 'सोडून देईन' हे ती फार गोड आवाजात म्हणत असे. त्या गोड आवाजाचीच हिशेबनिसाला धास्ती होती.

तसा तो आपल्या कामात पक्का होता. ताळेबंद जुळला नाही तर त्याला जेवण जात नसे. नव्या शहरातल्या पहिल्याच कंपनीतून फोन आला तेव्हा तो निश्चिंत होता. पलीकडच्या बाईंनी त्याला करांबद्दल विचारलं, घसाऱ्याबद्दल विचारलं, लेखापरीक्षणाबद्दल विचारलं. सगळी उत्तरं बरोबर आली.

"छान. सध्या राहता कुठे?"

त्याने खरं ते सांगितलं.

"अरेरे," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे स्थानिक उमेदवारास प्राधान्य आहे."

"मी येणारच आहे तिकडे राहायला. नोकरी लागली की लगेच."

"मग राहायला आलात की कळवा."

"पण नोकरी लागल्याशिवाय येणार कसा?"

"ते बाहेरगावच्या उमेदवारांनी आपसांत ठरवावं. त्याचं असं आहे, बाहेरचा माणूस टिकत नाही. सहा महिन्यांत कंटाळतो आणि परत जातो. स्थानिक माणूसही कंटाळतोच, पण त्याला परत जायला जागा नसते."

या युक्तिवादात हिशेबनिसाला एकही चूक सापडली नाही. पुढच्या कंपन्यांनीही तेच सांगितलं, काहींनी पुढील वाटचालीस शुभेच्छा देऊन. महिना उतरणीला लागला. बायकोचा आवाज आणखी गोड झाला.

अशा वेळी मेहुणा मदतीला आला. त्याला स्वतःला आजवर कुठे नोकरी टिकवता आली नव्हती, पण त्याच्या सल्ल्याने अनेकजण नोकरीला लागले होते.

"भावोजी, तुम्ही खरं बोललात, तिथेच घोळ झाला," तो म्हणाला. "माणूस स्थानिक आहे हे कशावरून ओळखतात? पत्त्यावरून नाही. तक्रारीवरून. पाहुणा शहराचं कौतुक करतो, राहणारा नावं ठेवतो. तुम्ही नावं ठेवायला शिका."

"अरे, मी ते शहर पाहिलेलंसुद्धा नाही."

"नावं ठेवायला पाहावं कशाला लागतं? माझ्या धंद्याला तुम्ही वर्षभर नावं ठेवलीत. एकदा तरी आला होतात दुकानात?"

बायकोने हे शिकवणं आपल्याकडे घेतलं. त्या शहरातल्या रहिवाशांनी इंटरनेटवर लिहिलेल्या तक्रारी तिने जमवल्या, त्यांचे धडे पाडले आणि महत्त्वाचा धडा आधी घेतला. तो होता स्टेशनजवळच्या उड्डाणपुलाचा. पूल अर्धवट बांधून ठेवलेला होता, रस्ता बंद होता आणि सगळी वाहतूक वखारीवरून वळवली होती. रोज रात्री जेवताना तोंडी परीक्षा होई.

"ऑफिसला उशीर का झाला?"

"पूल बंद होता."

"अहो, बातम्या दिल्यासारखं काय सांगता? जरा वैतागा. परत."

"पूल बंद होता हो. नेहमीचंच आहे."

"हं. मग आलात कुठून?"

"वखारीवरून. तिथे एक ट्रक आडवा उभा होता आणि ड्रायव्हर जेवायला गेला होता."

"ट्रक कुठे वाचलात?"

"तो मी घातला."

बायकोने समाधानाने त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. विद्यार्थी स्वतःच्या मनाने उत्तर लिहायला लागला की शिक्षक पुढचा धडा घेत नाही, परीक्षेला पाठवतो.

परीक्षा व्हिडिओवर झाली. नव्या कंपनीच्या मुख्य लेखापालांनी सुरुवातीलाच विचारलं, "आज घरी वेळेवर पोचलात, रस्त्यात त्रास नाही ना झाला?" हिशेबनीस म्हणाला, "त्रास कसला, पूल बंद, वखारीवर ट्रक, रोजचंच." मुख्य लेखापालांचा चेहरा उजळला. ते पुलाच्या कंत्राटदाराबद्दल बोलले. रोखपाल वखारीबद्दल बोलले. मनुष्यबळ विभागाच्या बाई फक्त "काय सांगू तुम्हाला" असं म्हणत राहिल्या. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की ही हिशेबाच्या नोकरीची मुलाखत आहे. तेव्हा मुख्य लेखापालांनी विचारलं, "जमाखर्च येत असेलच?" तो म्हणाला, "येतो." निवड झाली.

बायकोने शाळेला होकार कळवला. सामान गेलं, माणसं गेली, मुलीला नवा वर्ग आणि नवी भांडणं मिळाली. पहिल्या दिवशी ऑफिसला जाताना हिशेबनीस चांगला तासभर आधी निघाला, कारण पूल बंद.

पूल चालू होता. नुकताच चालू झालेला नव्हे. त्याच्या कठड्याचा रंग उडाला होता आणि खांबांवर शिकवणीच्या जाहिरातींचे तीन थर चढले होते. हिशेबनीस रिक्षाने त्यावरून सरळ ऑफिसच्या दारात उतरला.

दारात पहारेकरी होता. आत लांबलचक दालन होतं, टेबलं होती, खुर्च्यांवर प्लास्टिकची वेष्टनं तशीच होती. माणूस एकही नव्हता.

"बाकीचे कधी येतात?"

"ते घरूनच काम करतात साहेब. पूल बंद आहे ना," पहारेकरी खिडकीतून पुलावरच्या गाड्या बघत म्हणाला.

"पण पूल तर हा काय, चालू आहे."

"मला काय विचारता? मी बाहेरगावचा. आमच्यात स्थानिक माणूस घेत नाहीत, तो ओळखीच्यांना आत सोडतो."

सोमवारच्या ऑनलाइन बैठकीत हिशेबनिसाने ही आनंदाची बातमी सर्वांना सांगितली. आपल्याला शाबासकी मिळेल असं त्याला वाटलं होतं. रोखपालांनी कॅमेरा बंद केला. दुपारी त्याला पत्र आलं की त्याच्या स्थानिकतेविषयी शंका उपस्थित झाल्याने पडताळणी समिती नेमली असून तिच्यापुढे उद्या हजर व्हावं. शंका खरी ठरल्यास नेमणूक रद्द समजावी.

समितीत मुलाखतीतले तेच तिघे पडद्यावर होते. "तुम्ही म्हणता पूल चालू आहे," मुख्य लेखापाल जड आवाजात म्हणाले. "कुठलाही स्थानिक माणूस असं बोलेल का?"

"साहेब, मी रोज त्यावरूनच येतो. हे बघा." हिशेबनिसाने लॅपटॉप उचलून खिडकीकडे वळवला. पुलावरून गाड्या सुळसुळ जात होत्या.

तिघांनी बराच वेळ पाहिलं.

"हा कुठल्या शहरातला पूल आहे?" मुख्य लेखापालांनी विचारलं.

हिशेबनीस उत्तर द्यायला वळला आणि तेव्हा त्याने पडद्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मुख्य लेखापालांच्या मागच्या खिडकीत समुद्र होता. रोखपालांच्या मागे डोंगर होते. या शहराला समुद्र नव्हता आणि डोंगर तर त्याहून नव्हता. बाईंच्या मागे पडदा ओढलेला होता, त्या अनुभवी होत्या.

हिशेबनिसाच्या डोक्यात सगळा ताळेबंद एकदम जुळला. पूल चालू झाला की घरून काम बंद. घरून काम बंद झालं की सर्वांना ऑफिसात यावं लागणार. ऑफिसात यायचं तर आधी या शहरात यावं लागणार. आणि इकडे बायकोने शाळेत नुकतीच सगळ्या वर्गांची वेळापत्रकं लावून खुर्चीत बसायला सुरुवात केली होती.

"चूक झाली साहेब," तो म्हणाला. "मी भलत्याच शहराच्या खिडकीतून बघत होतो. पूल बंदच आहे."

"ट्रक?" रोखपालांनी हळूच विचारलं.

"आडवाच आहे. ड्रायव्हर अजून जेवतोय."

तिघांनी एकदम श्वास सोडला. समितीने त्याची स्थानिकता निर्विवाद ठरवली आणि असा जाणकार माणूस वाया जाऊ नये म्हणून त्याला मुलाखत मंडळावर घेतलं.

पडद्यावर आलेला पहिला उमेदवार हुशार निघाला. जमाखर्चात पक्का, बोलण्यात साधा.

"ऑफिसला यायला त्रास नाही ना होणार?" मुख्य लेखापालांनी विचारलं.

"छे, काहीच नाही. मी समोरच्याच इमारतीत राहतो. जन्मच इथला. आता तर पूलही झालाय, मस्त आहे." तो उठून आपल्या गॅलरीत आला आणि समोर बघून त्याचा चेहरा खुलला. "अहो, तुम्हीच का ते, निळ्या शर्टातले? मी दिसतोय का बघा."

हिशेबनिसाने खिडकीतून पाहिलं. समोरच्या गॅलरीत एक तरुण माणूस दोन्ही हात हलवत होता.

"तुमचं काय मत?" मुख्य लेखापालांनी विचारलं.

हिशेबनिसाने क्षणभर विचार केला. क्षणभरच केला, हेही नोंदवायला हवं. मग तो उठला, खिडकीचा पडदा ओढला आणि म्हणाला, "बाहेरगावचा वाटतो. टिकणार नाही."

तुम्हाला त्या तरुणाची दया आली असेल आणि हिशेबनिसाचा थोडा राग आला असेल. तो येऊ द्या. फक्त तुमच्या शहरात नव्याने आलेला माणूस पुढच्या वेळी जेव्हा म्हणेल की इथलं पाणी चांगलं आहे, रस्ते बरे आहेत, माणसं तर फारच छान आहेत, तेव्हा तुम्ही त्याच्याकडे बघून जे हसाल, ते आरशात एकदा बघून घ्या. आमच्या मुलाखत मंडळावर एक जागा रिकामी आहे.