लेव्हल न बसलेली मशीन

बिसेनकाका आमच्याकडे चहाला आले की आधी खिशातून बोटभर लांबीची लेव्हल काढून टेबलावर ठेवतात. काचेतला बुडबुडा मधोमध आला तरच कपाला हात लावतात. नाही आला, तर कागदाची घडी करून टेबलाच्या पायाखाली सरकवतात आणि म्हणतात, "मास्तर, जरा कलून राहिलं." पुतण्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाला उठवून पाटाची लेव्हल पाहिली होती. नवरीकडचे लोक अजून ते विसरलेले नाहीत.

रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन काका आमच्या गावी, गोरेगावला परतले आणि जुन्या पिनबॉल मशीनच्या नादाला लागले. काचेखाली उतरती फळी, तीवरून घरंगळत येणारी लोखंडी गोळी, खाली डावा-उजवा असे दोन दांडे. बाजूची बटणं दाबून दांड्यांनी गोळी परत वर उडवायची. ती निसटली की खेळ संपला. आतले रिले आणि कॉइल पाहून काकांना पुन्हा नोकरीवर घेतल्यासारखं झालं असावं. बंद पडलेले क्लब, जत्रेवाल्यांची गोदामं, कामठीपर्यंतची भंगाराची दुकानं, सगळं त्यांनी पालथं घातलं.

त्यांची सर्वांत जुनी मशीन बोदलकसाजवळ एका घरी सापडली. तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. घरधनीण म्हणाली, "हे तुमी नेता, मंग माह्या कोंबड्या कुठं ठेवू जी?" प्रश्न काकांना रास्त वाटला. तिथेच दोन दिवस मुक्काम ठोकून त्यांनी सागवानी खुराडं बांधून दिलं. त्याचीही लेव्हल पाहिली. मगच मशीन उचलली.

त्यांच्या बायको सरूकाकू या सगळ्याला डबडी म्हणायच्या. ओसरीत पाय ठेवायला जागा नाही, याचा राग त्या माझ्यावर काढायच्या, कारण ती पहिली मशीन पाहून वाहवा करणारा मीच होतो.

कोंबड्यांची मशीन वर्षभरात झकास उभी राहिली. नागपूरच्या माझ्या एका मित्राला ती त्याच्या हॉटेलात हवी होती. मी मध्यस्थी केली, काकांनी पोळ्यानंतर न्या म्हणून शब्द दिला. पण पोळ्याच्या आठवड्यातच काकूंना लकवा मारला आणि उजवा हात गेला. मित्राला मी थोडं थांबायला सांगितलं. दिवाळी गेली, त्यामागची मंडईची जत्रा झाली, संक्रांत आली. मशीनचं विचारलं की काकांचं एकच उत्तर, "तिची लेव्हल बसून नाही राहिली."

अख्ख्या गावाची लेव्हल काढणाऱ्या माणसाला एक मशीन सरळ करता येईना, हे मला पटेना. मित्र रोज फोन करी आणि शब्द माझा जात होता. शेवटी माझं डोकं फिरलं. एका दुपारी मी गवंड्याकडून हातभर लांब लेव्हल मागून घेतली आणि थेट काकांच्या ओसरीत शिरलो.

मशीनपुढे स्टुलावर सरूकाकू बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निपचित, डावा बटणावर. काका शेजारी उभे. गोळी वरून खाली आली, उजवीकडे जाता जाता वळली आणि डाव्या दांड्यावर आली. काकूंनी ती उडवली. घंटी वाजली. गोळी पुन्हा आली, पुन्हा डावीकडेच. काकू तोंडाच्या एका बाजूने हसत होत्या. पोळ्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं.

मला काहीच उमगलं नाही. ज्या कामाला आलो होतो ते करायचं म्हणून मी लेव्हल काचेवर आडवी ठेवली. बुडबुडा पार उजव्या टोकाला पळाला. खाली वाकून पाहिलं, तर मशीनच्या उजव्या पायांखाली सागवानाचे दोन तुकडे होते. खुराड्यातून उरलेले.

"काका, हे कलून राहिलं," मी म्हणालो.

काकांनी लेव्हल अलगद उचलून माझ्या हातात दिली. "कलू द्या, मास्तर," ते हळूच म्हणाले. "तिच्या उजवीकडं गोळी जाऊच नाही पायजे."

शरमेनं मला मान वर करवेना.

"मास्तर, बाजूले व्हा," काकू जड जिभेने म्हणाल्या. "उजेड अडवून राहिले."

मी बाजूला झालो. आत घंटी वाजत होती. फाटकाबाहेर येऊन मी मित्राला फोन लावला आणि सांगितलं, ती मशीन विसर, तिची लेव्हल बसत नाही.