फायनलच्या वेळी फोन न करण्याबाबत

माणसाच्या प्रगतीला आजवर दोनच गोष्टींनी खीळ घातली आहे: रोगराई आणि नातेवाइकांचे फोन. पैकी पहिलीवर औषध निघालं.

दुसरीचा अभ्यास करायचा, तर कचेरीतले आवक-जावक कारकून मामा यांना भेटावं. (ते कुणाचेच मामा नाहीत, ते पदच आहे.) गेली चौदा वर्षं मामा जेवणाच्या सुट्टीत बटणांच्या फोनवर 'जावा फुटबॉल' नावाचा गेम खेळतात. खेळ अतिशय वास्तववादी आहे. खेळाडू तीन चौकोनांचा, चेंडू एका ठिपक्याचा, आणि पंचाचा सदरा आपल्याच संघाच्या रंगाचा. त्यामुळे निम्मे पास पंचाला जातात. (तो परत देत नाही.) पाचाचं बटण दाबलं की किक बसते. मामांच्या फोनवर पाच हा आकडा आता उरलेला नाही, नुसता खळगा आहे.

खेळात त्रुटी एकच. मध्येच फोन आला की गेम बंद, आणि अख्खी स्पर्धा पहिल्यापासून. सिम काढून ठेवावं, तर फोन 'सिम टाका' म्हणत हटून बसतो. अशा एकशे बारा स्पर्धा बुडाल्या: वाढदिवस एकोणीस, 'जेवलास का' एकाहत्तर, राँग नंबर बावीस.

आणि मामा प्रथमच फायनलला पोचले. कप जिंकल्यावर पडद्यावर काय दिसतं, हे कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांच्या मते फटाके. टंकलेखिकाबाईंच्या मते नुसतं 'पुन्हा खेळायचं का?' मामांना डोळे मिटायच्या आत ते एकदा बघायचं होतं.

"मामा, काहीही करा, पण या वेळी फोन येता कामा नये," साहेब म्हणाले.

"बंदोबस्त करतो साहेब."

मामांनी रीतसर परिपत्रक काढलं. गुरुवारी दुपारी एक दहा ते एक बावीस या वेळेत कोणीही फोन करू नये. त्रेचाळीस नातेवाइकांना त्रेचाळीस प्रती, जावक क्रमांकासह. आणि तीस वर्षांच्या सवयीने खाली हात आपोआप लिहून गेला: 'पोच तात्काळ द्यावी.'

टपाल गुरुवारी दुपारीच वाटलं गेलं.

एक एकवीस. दोन-एकची आघाडी. टेबलाभोवती अख्खी कचेरी श्वास रोखून. शेवटची चाळीस सेकंदं. फोन वाजला. मैदान गेलं, गोल गेले, पंचसुद्धा गेला.

"भाऊजी, पत्र आत्ताच मिळालं हो," थोरल्या वहिनी. "अगदी निर्धास्त खेळा. आमच्या घरातून एक फोन जाणार नाही, सगळ्यांना दम दिलाय. जिंकताय ना?"

"आत्तापर्यंत जिंकत होतो, वहिनी."

"अगं बाई! मग ठेवते. बाकीच्यांनाही सांगते, पोच द्यायची राहिली असेल तर."

संध्याकाळपर्यंत आणखी बेचाळीस फोन आले. फोन न करण्याची हमी सर्वांनी दिली.

मामा पुन्हा फायनलला पोचले आहेत. तारीख इथे मुद्दाम दिलेली नाही. इथवर वाचलंत म्हणजे तुम्हाला मामांविषयी आपुलकी वाटू लागली असणार. आणि आपुलकी वाटलेला माणूस ऐन वेळी शुभेच्छांचा फोन केल्यावाचून राहत नाही. त्रेचाळीस जण कसेबसे झेलले. आता त्यांत तुमची भर नको.