सदर विद्यार्थिनी आमचीच असल्याबाबत

आमच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी साहाय्य कार्यालयाच्या काउंटरवर ऑगस्टमध्ये कागदी रुमालांचा एक खोका होता. जानेवारीत दोन झाले, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चार. कर्मचारी मात्र पूर्वीइतकेच, म्हणजे तीन. साहाय्यात वाढ झाल्याचं मोजून दाखवता येत होतं, आणि तिमाही अहवालात ते दाखवलंही होतं.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी आयपेरी त्या काउंटरवर गेली. ती किर्गिझस्तानची, आमच्या विभागात पाच वर्षं दगडफुलांवर संशोधन करत होती. परदेशी विद्यार्थ्यांना ज्या नोंदीवर देशात राहता येतं, ती सरकारच्या संगणकावरची तिची नोंद आदल्या दिवशी बंद झाली होती. कारण असं कळलं, की तीन वर्षांपूर्वी शेजारणीचा कुत्रा पट्ट्याशिवाय फिरवल्याची एक तक्रार तिच्या नावावर होती. कोर्टाने ती फेटाळली होती. पण नोंदी बंद करणाऱ्या यंत्रणेला तक्रार दिसत होती, फेटाळणी दिसत नव्हती.

तिच्या वकिलाने एकच कागद मागितला होता: ही इथे शिकते, तिला आम्ही काढलेलं नाही. एक ओळ, एक सही. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत तो न्यायाधीशांपुढे गेला नाही, तर तिला देश सोडावा लागणार होता आणि तिचं पाच वर्षांचं काम आमच्या फ्रीझरमध्ये पडून राहणार होतं.

संचालिका मार्लीन हॉगन यांनी खोका पुढे सरकवला. पत्र देणं म्हणजे भूमिका घेणं, असं त्यांनी तिला समजावलं. कार्यालयाचं काम साहाय्य करण्याचं आहे. भूमिका घेतली तर साहाय्यच बंद पडेल. त्याच दुपारी विद्यापीठातल्या एकतीस हजार जणांना ईमेल गेला: ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.’ कोणाच्या आणि कशासाठी, हे कायदा विभागाने गाळलं होतं.

गुरुवारी मन मोकळं करण्याची सभा झाली. पिझ्झा होता. ताण हलका व्हावा म्हणून तीन प्रशिक्षित कुत्रेही आणले होते. त्यातल्या एकाचा पट्टा आयपेरीच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि सभा संपेपर्यंत सोडला नाही. प्राण्याच्या सहवासाने विद्यार्थिनीला आधार मिळाल्याची नोंद झाली.

"मार्लीन, मला आधार नकोय, सही हवीय," ती म्हणाली.

"अगं, तुझं ऐकायलाच तर बसलोय आम्ही," असं म्हणून मार्लीन यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

सोमवारी समिती नेमली गेली. सात जण, विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांतर्फे मी. विद्यापीठाचे वकील ड्वायर यांनी मसुदा तपासला. ‘इथे’ म्हटलं तर ती देशात असल्याचा पुरावा होतो. ‘शिकते’ म्हटलं तर शिकवण्याची जबाबदारी येते. ‘काढलेलं नाही’ यातून तिला कोणीतरी काढल्याचं ध्वनित होतं, आणि तो सरकारवर आरोप ठरू शकतो. नवव्या मसुद्यात एवढंच उरलं: ‘हे एक विद्यापीठ आहे.’ त्यापुढेही ड्वायर यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

तोवर आयपेरीचं ओळखपत्र बंद झालं होतं. इमारतीचं दार तिला मीच उघडून देत असे. पाच वर्षं आमची टेबलं शेजारी होती. तिच्या आईचं मणक्याचं ऑपरेशन कोणत्या तारखेला झालं, हे मला माहीत होतं. काही बिघडलं की ती गुणगुणायला लागते, हेही.

शुक्रवारी चार वाजता समितीची शेवटची बैठक सुरू झाली. नोंद नसलेल्या व्यक्तीला बैठकीत बसवता येत नाही, म्हणून आयपेरी बाहेर बाकावर. दार काचेचं होतं. मार्लीन यांनी तिला आत न घेता तिच्या उपस्थितीबद्दल आभार मानले, आणि इतिवृत्तात ते घ्यायला सांगितलं.

चार वाजून वीस मिनिटांनी ड्वायर यांनी तोडगा काढला. विद्यापीठाला सही करता येणार नाही. मात्र तिला व्यक्तिशः ओळखणाऱ्या कोणाही प्राध्यापकाने केली, तरी न्यायाधीशांना चालेल. तिच्या वकिलाने हे पहिल्याच दिवशी कळवलं होतं. ते पत्र सहपत्रांमध्ये होतं. मूळ ओळ पुन्हा छापून आली. खाली सहीची जागा कोरी.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कायम नेमणुकीची फाइल त्या आठवड्यात विद्यापीठाच्या प्रमुखांच्या टेबलावर होती.

तुम्ही माझ्या जागी असतात तर सही केली असती, असं तुम्हाला वाटतंय. चार वाजून वीस मिनिटांपर्यंत मलाही अगदी असंच वाटत होतं.

"डॉक्टर व्हीलॉक," मार्लीन हळुवार आवाजात म्हणाल्या, "कसलंही दडपण नाही हं. पण तुम्ही ओळखता ना तिला?"

काचेपलीकडे आयपेरी उठून उभी राहिली होती. मी कागद दोनदा वाचला. व्याख्या काटेकोर असायला हवी, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी सांगते.

"व्यक्तिशः असं नाही म्हणता येणार," मी म्हणाले.