सोनटक्क्याशेजारी कोरांटी

आमच्या शेजारच्या आप्पांकडे गुलाबाची फांदी मागायला गेलं, तर ऊन किती, माती कसली हे ते विचारतच नाहीत. एकच प्रश्न असतो, "शेजार काय हाय?" मी तेव्हा सांगलीत नवा होतो. मला वाटलं, माझ्या घराबद्दल विचारताहेत. म्हणालो, "तुम्हीच की."

"माझं न्हवं वो. गुलाबाच्या बगलंला काय हाय?"

काही नाही म्हटल्यावर फांदी मिळाली नाही. "आदी लसूण लावा. मावा कीड कमी लागती. मग या."

आप्पा कुपवाडच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले. माणसांशी त्यांचं कधी पटलं नाही. तो सगळा वेळ त्यांनी झाडांच्या सोयरिकी जुळवण्यात घातला. मोगऱ्याच्या पायाशी झेंडू. जास्वंद कुंपणाला एकटी, कारण तिच्यावर पिठ्या ढेकूण पडतो आणि ती "समद्यांस्नी वाटत फिरती." मग ठरलेलं वाक्य, "माझं कवा खोटं ठरलंय का, मास्तर?" ठरत नसे, हेच वाईट. माझी शेवंती त्यांनी सांगितलेल्या महिन्यात मेली, तेव्हा ते हळहळायला नाही, खात्री करायला आले.

अशा माणसाच्या बागेत एक आळं मात्र शुद्ध अडाणीपणाचं होतं. सोनटक्का आणि कोरांटी एकत्र. सोनटक्क्याला सतत ओल लागते. कोरांटी माळावरची, पाणी तुंबलं की तिची मुळं कुजतात. दर वर्षी दोघांतलं एक मरे, आणि आप्पा ते पुन्हा लावत. मी एकदा खवचटपणे विचारलं, "इथं शेजार बघितला नाही वाटतं?" आप्पा खुरपं टाकून घरात गेले. आठ दिवस बोलले नाहीत.

कारण मागाहून आप्पांच्या बायकोनं, काकूंनी सांगितलं. त्यांच्या मुलानं दुष्काळी आटपाडीकडची, मेंढपाळाच्या घरातली मुलगी पसंत केली होती. आप्पांना बागेचं वेड आहे असं ऐकून ती पहिल्यांदा घरी येताना कोरांटीची फांदी घेऊन आली. नदीकाठच्या ऊसवाल्या घरातल्या आप्पांनी तिच्या तोंडावर सांगितलं, "दुष्काळाची मुळी आमच्या पाण्यात कुजंल. ही जोडी टिकायची न्हाई." मुलानं लग्न केलं, शिरवळला नोकरी धरली आणि परत या घरी आला नाही. पायरीवर पडलेली फांदी आप्पांनी लावली, पण ती दोघं निघून गेल्यावर. मला आप्पांचा राग आला. खरं सांगायचं तर अजून येतो.

यंदा दिवाळीच्या तोंडावर त्यांनी मला हाक मारली. आळ्याला उतार दिला होता. वरच्या अंगाला मुरूम घालून कोरांटी, खालच्या ओलीत सोनटक्का. दोन्ही फुलली होती.

"इतकी वर्सं दोघांस्नी एकच पाणी घालत हुतो," आप्पा म्हणाले. "चूक माझी हुती." मग आवाज खाली आणून, "फोटू काढा. पोराला धाडा. माझा फोन त्यो उचलत न्हाई."

"काय लिहू?"

"कायबी नगं. तेला कळंल."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'सर, आम्ही दोघं गेल्या वर्षीच वेगळे झालो. आप्पांना सांगा, त्यांचंच खरं ठरलं.'

हे वाचून दाखवायला जीभ रेटेना. पण आप्पा सकाळपासून फाटकाशी उभे होते. वाचलं. आता ते ठरलेलं वाक्य ऐकावं लागणार, म्हणून मन घट्ट केलं.

आप्पा आळ्याच्या कडेला बसले. कोरांटीच्या बुडाशी आलेली ओली माती चिमटीचिमटीनं बाजूला करत राहिले.

"लिवा तेला," ते म्हणाले. "बाप खोटा ठरला म्हणावं. दोन्ही झाडं जगल्यात. दोघं मिळून येऊन बघा."

मी तसंच लिहिलं. 'दोघं मिळून' हे खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.