हिराजीदादांनी न दिलेली बातमी

हिराजीदादा म्हात्रे दीड वर्षाच्या पोराला 'अहो' म्हणतात आणि आमच्या सोसायटीच्या चेअरमनला 'अरे'. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. आम्ही इंद्रलोकमध्ये राहायला आलो त्याच आठवड्यात मी नातीला, ईराला, कडेवर घेऊन लिफ्टमध्ये शिरलो. आत बनियन आणि अर्ध्या चड्डीतले एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते. त्यांनी हात जोडले.

"नमस्कार. कुठं निघाल्या?"

"दूध आणायला," मी म्हणालो.

"तुला कोन इचारतंय? मी यांना इचारतोय."

ईरा नऊ महिन्यांची होती. तिनं तोंडाने थुंकीचा एक फुगा काढला.

"असं काय! बरं, या जाऊन," गृहस्थ अदबीनं म्हणाले आणि तळमजल्यावर तिच्यासाठी लिफ्टचं दार धरून उभे राहिले. मी हबकलो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला माझ्या साहेबांनीही कधी अरेतुरे केलं नव्हतं.

हा मान फक्त शाळेत जाईपर्यंत. पहिलीत प्रवेश झाला की हिराजीदादा त्या दिवसापासून 'अरे'वर येतात. एकदा एका मुलानं रडत विचारलंही, तर म्हणाले, "आता तू शिकला ना? मग कसला मान?"

हिराजीदादा इथले मूळचे. त्यांच्या घराण्याची मिठागरं होती, ती गेली, आणि आता तिसऱ्या मजल्यावर ते एकटे राहतात. मी पाचव्यावर. मराठी आणि रिटायर्ड, एवढ्या दोन गुणांवर मला लवकरच सोसायटीचं सेक्रेटरी करण्यात आलं. आमच्याकडची सगळी तरुण जोडपी नोकरीला मुंबईत जातात आणि दिवेलागण उलटून गेल्यावर परततात. पोरं आजीआजोबांकडे किंवा बायांकडे. संध्याकाळी पाच वाजता ही सगळी फौज खालच्या बागेत उतरते आणि मध्ये हिराजीदादा मांडी घालून बसतात.

पोरं त्यांना वाळूच्या भाकऱ्या वाढतात. बाकीचे आजोबा "वा वा, छान" म्हणून सुटतात. हे घास घेतल्यासारखं करून तोंड वाकडं करतात. "मीठ कमी हाय. मिठागरवाल्याला असं जेवन?" की पोरं धावत आणखी वाळू आणतात. पुढे एकदा गेटबाहेर गटाराचं खोदकाम निघालं. हिराजीदादांनी पाच पोरांना ओळीनं फुटपाथवर बसवलं आणि जेसीबीवाल्याला हुकूम सोडला, "ए, यांना सलाम कर." जेसीबीवाल्यानं तो प्रचंड हात हवेत उचलला. एक चिमुरडा म्हणाला, "पुन्ना." पुन्हा उचलला. "पुन्ना." अर्धा तास गटाराचं काम बंद. सेक्रेटरी म्हणून मी ओरडायला गेलो आणि मलाही ओळीत बसवण्यात आलं.

पण त्यांचा खरा उद्योग बातम्यांचा. रात्रीच्या जेवणाआधी ते एकेका दाराची बेल वाजवत. दमलेली आई दार उघडायची, की हे कमरेवर हात ठेवून म्हणत, "बातमी हाय."

"आज यांनी मुंगीला वाट दिली. बसून ऱ्हायले, ती जाईपर्यंत."

"आज यांनी आपल्या सावलीला बिस्कीट दिला."

चौथ्या मजल्यावरच्या मिश्राबाईंना हिंदीतून बातमी मिळे. "आज इन्होंने कुत्रे को टाटा किया. कुत्रा देखताच नहीं था, तो भी किया." त्या बाईंनी मला एकदा सांगितलं, दिवसभरातलं ते एकच वाक्य त्यांना झोपताना आठवतं.

माझी सून पल्लवीही त्या बेलची वाट बघे. पर्स खांद्यावर तशीच ठेवून दारात उभी राही. "दादा, आज काय?" आणि मला आता कबूल करायला हवं की ते मला खुपायचं. ईरा दिवसभर माझ्याजवळ असायची. मीही तिला बघायचो. पण मुंगी, सावली, असलं काही माझ्या नजरेला पडत नसे. मी सांगायचो, दोनदा शी केली, वरण खाल्लं. शिवाय हिराजीदादा दिसले की ईरा माझ्या कडेवरून अक्षरशः उडी मारायची.

एका गुरुवारी मी गॅलरीतून खाली पाहत होतो. ईरा तेव्हा वर्षाची होऊन गेली होती. ती बागेत उभी होती, हात पसरून, हिराजीदादांसमोर. तिनं पुढे झेप घेतली आणि हिराजीदादांनी तिचे दोन्ही खांदे धरून तिला खाली बसवलं. ती पुन्हा उठली. त्यांनी पुन्हा दाबून बसवलं. "बसा! आत्ता न्हाय! बसा म्हनतो ना!" पाचव्या मजल्यापर्यंत आवाज आला.

चालू पाहणाऱ्या मुलीला कुणी असं दाबतं? मी धावत खाली गेलो, ईराला उचललं आणि तडक वर आलो.

त्याच संध्याकाळी पल्लवी आली, पर्स खाली टाकून गुडघ्यांवर बसली, आणि ईरा सोफा सोडून तिच्याकडे चालत गेली. पल्लवी किंचाळली. हसली, रडली, माहेरी फोन केला. "बाबा, पहिलं पाऊल माझ्यासमोर टाकलं हो हिनं!" मीही डोळे पुसले. आणि मनात म्हटलं, त्या माणसाचं चाललं असतं तर हे झालंच नसतं.

रविवारी सभा बोलावली. जिन्याखालच्या ऑफिसात वीसेक माणसं. पहिल्या खुर्चीवर पल्लवी. मी जे पाहिलं ते सांगितलं, आणि जे पाहिलं नव्हतं तेही. "जोरात ढकललं" म्हणालो. "नात रडत होती" म्हणालो. ईरा रडत नव्हती. ती हसत होती. हा खेळ आहे असं तिला वाटत होतं. हे मला तेव्हाही नीट माहीत होतं.

चेअरमन जिग्नेशभाई कळवळून म्हणाले, "हिराजीदादा, बोलो ने. ऐसा किया क्या?"

"केला."

"पण कशाला?" मागून कुणीतरी विचारलं.

हिराजीदादांनी पल्लवीकडे पाहिलं. मग फरशीकडे. "ते न्हाय सांगनार."

"सांगाल तर विषय मिटेल, दादा," मागून तोच आवाज म्हणाला.

"मिटवायचा न्हाय मना. तू लिही रे सेक्रेटरी, काय लिहायचा तो."

मी लिहिलं. मिनिट्स बुकात, माझ्या चांगल्या अक्षरात: वर्तन आक्षेपार्ह, लहान मुलांच्या बागेत येण्यास मनाई. दुसऱ्या दिवसापासून ते खाली उतरले नाहीत. बेल वाजायची थांबली. पोरं तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघून हाका मारत, मग बाया त्यांना ओढून नेत.

बागेतली जागा आता माझी होती. काही महिन्यांनी एका संध्याकाळी ईरा घसरगुंडीवरून एकटी, कुणी न धरता, खाली आली. मला इतका आनंद झाला की पल्लवीची चावी दाराला लागताच मी ओरडलो, "आज हिनं घसरगुंडी एकटीनं केली!"

"हो?" पल्लवी म्हणाली. हसली. चपला काढायला तिला फार वेळ लागला. तेव्हा मला आठवलं, गेले तीन रविवार ती घसरगुंडीच्या खाली हात पसरून उभी राहत होती, आणि ईरा वरूनच मान हलवत होती.

तिचा तो चेहरा बघून मला दारातली ती बेल आठवली. हिराजीदादांनी इतक्या बातम्या दिल्या, मुंगीची, सावलीची, कुत्र्याची. पण कुणाच्या पहिल्या दाताची, पहिल्या शब्दाची, पहिल्या पावलाची बातमी त्यांनी कधीच, कुठल्याच दारात दिली नव्हती.

मी तसाच तिसऱ्या मजल्यावर गेलो. ते वालाचे दाणे सोलत बसले होते.

"हिराजीदादा, त्या गुरुवारी ती चालली होती ना?"

त्यांनी दाणा सोलून भांड्यात टाकला. "चार."

"काय चार?"

"पावलं. चार टाकली आनि पाचवा टाकायला लागल्या, म्हनून बसवला. आई घरी येईपर्यंत थांबायला नको?"

मी विचारलं, "मग सभेत का नाही बोललात?"

"समोर ती बसलेली ना, तुजी सून." माझ्या मूर्खपणाची त्यांना कीव आली असावी. मग दाण्यांकडे बघतच बोलले. "आमचा पोरगा चालला तवा मी मिठागरावरून दुपारचा घरी आल्तो. माजी बायको शेवंती स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात. ती सांजला आली, तर मी उंबऱ्यातच बोललो, चालला! अख्ख्या आळीला सांगून झाल्ता, तिला शेवटी. ती डबा हातात धरून तिथंच बसली. मग त्याला उभा केला, चालवला, पुन्ना चालवला, पोर रडकुंडीला आला. मी बोललो, बग ना, चालतोय. तर बोलते, हा दुसरा हाय." त्यांनी आणखी एक दाणा सोलला. "जाईपर्यंत कदी काय बोलली न्हाय मना. पन मी बगितला ना तिचा तोंड."

मग एकदम मला विचारलं, "तुजा पोरगा कदी चालला?"

मला आठवेना. मला कधी माहीतच नव्हतं.

"सुनेला सांगू नको," ते म्हणाले. "तुला आन हाय."

मिनिट्स बुकातली नोंद मी पुढच्या सभेत उभा राहून दुरुस्त केली. 'सेक्रेटरीने खोटे सांगितले' असं स्वतःच्या हातानं लिहिलं. जिग्नेशभाईंनी मला पाणी दिलं. पण कारण विचारल्यावर मीही म्हणालो, ते नाही सांगणार. पल्लवी त्या दिवशी सभेला नव्हती. घरी आल्यावर तिनं विचारलं, "बाबा, खोटं होतं तर मग त्यांनी तिला बसवलं तरी का?" तिच्या डोळ्यांत दादांविषयीचा संशय अजून तसाच होता. आणि मी शपथ मोडली. सगळं सांगितलं.

ती ओट्यापाशी उभी होती. गॅस बंद केला. मला वाटलं, रडेल. माझ्यावर ओरडेल, असंही वाटलं.

"चार?" एवढंच म्हणाली. ईराला कडेवर घेतलं आणि अनवाणी जिना उतरून गेली. मी मागे गेलो.

हिराजीदादांनी दार उघडलं. आधी पल्लवीकडे, मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. इतका घाबरलेला माणूस मी पाहिला नव्हता.

"पोरी, मी काय बगितला न्हाय," ते म्हणाले. "मना कमी दिसतं."

पल्लवी उंबऱ्यातच खाली बसली, ईराला मांडीवर घेऊन. "दादा, कशी चालली ते सांगा ना."

ते दाराची कडी धरून उभे राहिले. मग हळूहळू तिच्यासमोर फरशीवर टेकले.

"डावा," ते म्हणाले. "आदी डावा टाकला."