रानचेरी, रानप्लम आणि ओला रंग

दोन्ही पाट्या झाडांवरून उतरवून माळीबुवांनी त्यांना मनसोक्त पांढरा रंग फासला आणि मगच बुवांना दरदरून घाम फुटला. 'रानचेरी' कुठल्या झाडावर होतं आणि 'रानप्लम' कुठल्या, हे ते साफ विसरले होते. एक झाड बुंध्यात वाकडं होतं, एक सरळ. बाकी दोन्हींना गोटीएवढी लाल फळं लगडली होती. चार वाजता बागेच्या अधीक्षक बाई येणार होत्या. त्यांनी चांगला शेरा दिला, तर बुवांची आठ वर्षांची हंगामी नोकरी आजच कायम होणार होती. बुवांनी घरी बायकोला फोन लावला.

"अगं, चेरी आणि प्लम ओळखायचं कसं?"

"बाजारात आहात का?"

"झाडाखाली आहे! तू मुरंबे करतेस ना, सांग पटकन."

"चेरीचा देठ लांब, एका जागी दोन-तीन लोंबतात. प्लमचा देठ आखूड, अंगावर शिवणीसारखी खाच. एवढंही येत नाही? आठ वर्षं काय गवत उपटलंत?"

"तेच तर उपटलं!"

बुवा शिडीवर चढले. वाकड्या झाडाच्या फळांना खाच, सरळ झाडाच्या फळांना लांब देठ. त्यांनी चारदा खात्री केली, नावं रंगवली, पाट्या ठोकल्या. तेवढ्यात काखेत बागेतल्या झाडांवरचं नवंकोरं पुस्तक घेऊन बाई आल्याच. त्यांनी पाट्या वाचल्या, पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"बुवा, वाकडं झाड चेरीचं ना?"

"नाही बाई, प्लमचं. ही खाच बघा."

"पुस्तकात चेरी छापलंय! पाहुणे फाटकाशी आलेत, आत्ता प्रकाशन आहे."

"कुण्या गाढवानं लिहिलंय?"

"मी. तुमची जुनी पाटी वाचून."

बुवांना धरणी दुभंगावी असं वाटलं. नोकरी गेलीच! "पाटी माझ्या आधीची हो," ते कसंबसं पुटपुटले. बाईंनी पांढऱ्या रंगाचा ब्रश उचलला, दोन फटकाऱ्यांत दोन्ही नावं पुसली आणि ब्रश बुवांच्या हातात दिला.

"लिहा. 'रंग ओला आहे, हात लावू नये.'"

बुवांची नोकरी त्याच संध्याकाळी कायम झाली. आता ते दर सोमवारी त्या पाट्यांना ताजा रंग देतात.